पाच हजार पेडलं

आमची पहिली सहकुटुंब सायकल-सहल घरापासून अडीच किलोमीटरवर संपली. जायचं होतं सहा किलोमीटरवरच्या तळ्यापर्यंत. थोरलीने (वय पाच वर्षं तीन महिने) सायकल कडेला आडवी टाकली आणि त्या शेजारी स्वतःही आडवी झाली. धाकटा आजीपाशी होता, तेवढं नशीब. परत येताना नवरा तिला खांद्यावर घेऊन एका हाताने स्वतःची सायकल ढकलत होता. मी माझी आणि तिची अशा दोन सायकली ओढत होते. त्यातली एक सारखी माझ्या नडगीवर पेडल मारत होती. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो.

बरोबर अकरा आठवड्यांनी आम्ही चौघं त्या तळ्यावर पोचलो. मधल्या काळात काय काय केलं, कुठे अडलो, ते लिहून ठेवते आहे. आम्हाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझी नडगी वाचली असती.

त्या रात्री माझं मत पक्कं होतं की पोरगी हट्टी आहे. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मापाची टेप घेऊन तिच्या सायकलीपाशी बसले. चाक सोळा इंची. टायरवर खडूची खूण करून चाक एक पूर्ण फेरा फिरवलं, तर जमिनीवर १२० सेंटिमीटर भरले. पुढच्या चक्रीला ३२ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १६. म्हणजे एका पेडलमध्ये (पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात) चाक दोनदा फिरतं आणि ती २ मीटर ४० सेंटिमीटर पुढे जाते. मग माझी सायकल मोजली. चाकाचा घेर २१० सेंटिमीटर आणि मी नेहमी ज्या गिअरवर असते त्याचे दाते ४४ आणि १८, म्हणजे एका पेडलला पाच मीटरच्या थोडं वर. तळ्यापर्यंत जाऊन-येऊन बारा किलोमीटर. मला साधारण तेवीसशे पेडलं पडली असती, तिला पाच हजार.

हा आकडा नवऱ्याला दाखवला तेव्हा आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मग तिची सायकल वजनकाट्यावर ठेवली. दहा किलो! पोरगी अठरा किलोची. माझं वजन साठ धरलं तर त्या हिशेबाने मला तेहतीस किलोची सायकल चालवावी लागेल. टोपली, बाहुलीची सीट, नुसता शोभेचा कॅरिअर आणि आधाराची दोन चाकं काढल्यावर जवळजवळ दीड किलो उतरलं. बाहुलीच्या सीटवरून अर्धा दिवस रडारड झाली. शेवटी सीट घरातल्या खुर्चीच्या पाठीला बांधून दिली.

पहिले दोन आठवडे आम्ही कुठेच गेलो नाही, नुसती सायकल तिच्या मापाला आणत बसलो. सीटची उंची आम्ही मोठ्यांच्या हिशेबाने ठेवली होती, पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल अशी. शिकणाऱ्या मुलाला ते चालत नाही. त्याचे दोन्ही तळवे बसल्याजागी जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. माप घ्यायची सोपी रीत अशी: मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन पायांमध्ये एक पुस्तक आडवं, अगदी वर टेकेपर्यंत धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. थोरलीचं माप ४८ सेंटिमीटर आलं. सीट ४६ वर आणली. माळ्यावर मोठ्या चुलतभावाची वीस इंची सायकल तयार होती आणि घरात एक मत असंही होतं की तीच काढावी, दोन वर्षं चालेल. वाढत्या अंगाचे कपडे घेता येतात, बाह्या दुमडता येतात. सायकलीचं काय दुमडणार?

ब्रेकची गोष्ट जास्त गंभीर निघाली. त्या दिवशी तिच्या बुटांची टोकं घासलेली दिसली होती. मला वाटलं, चालताना पाय ओढते. खरं म्हणजे ती ब्रेक दाबतच नव्हती, पायांनी थांबत होती, कारण ब्रेकची मूठ तिच्या बोटांच्या टप्प्यातच नव्हती. बऱ्याच ब्रेकच्या मुठीवर एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. त्यासोबत गंजलेली ब्रेकवायर बदलली. दोन बोटांनी दाबून चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे, ही परीक्षा. हे मी पाच वर्षांच्या मुलीला रस्त्यावर नेण्याआधी पाहायला हवं होतं, याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या आठवड्यात पेडलं काढली. हे ऐकून आजी म्हणाली, “मग उरलं काय?” उरतो तो तोल. आधाराची चाकं मुलाला पेडल मारायला शिकवतात, पण सायकल कलू देत नाहीत. त्यामुळे ज्या बाजूला कलतो त्या बाजूला हँडल वळवून सावरायचं, ही खरी विद्या राहूनच जाते. पेडलं नसली की मूल पायांनी ढकलत जातं आणि हळूहळू दोन्ही पाय उचलून घरंगळायला लागतं. काही नवीन नाही यात. १८१७ साली कार्ल द्राईस यांनी जर्मनीत जी पहिली दोनचाकी चालवली तिलाही पेडल नव्हतं, तेही पायांनीच जमीन रेटत गेले होते. पेडल काढताना एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घोळ टाळायचा तर पाना पेडलच्या आट्यावर उभा बसवून त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढायचं, दोन्ही पेडलं तशीच सुटतात. नवऱ्याने डावं पेडल वीस मिनिटं आवळलं आणि मग हे वाचलं.

सरावाला जागा शोधताना मात्र घोडं अडलं. जवळच्या बागेत डांबरी पायवाट आहे, सपाट, वाहनं नाहीत. पहारेकऱ्याने पाटी दाखवली, सायकलीला मनाई. मी बागेच्या कार्यालयात गेले, तिथे लेखी अर्ज मागितला. अर्ज दिला, तर मुलीच्या वयाचा पुरावा हवा. तो जोडून पुन्हा गेले. नऊ दिवसांनी उत्तर आलं की आधाराची चाकं असलेल्या लहान मुलांच्या सायकलींना सकाळी नऊपर्यंत परवानगी आहे. आमची चाकं तर कधीच काढून झाली होती. ती परत लावून बागेत जावं आणि आत गेल्यावर काढावी, असा सल्ला खुद्द तिथल्याच एका भल्या माणसाने दिला. मी तिसरा खेटा घातला. या वेळी कागद वाचणाऱ्या बाई वेगळ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि ‘सोळा इंची चाकांपर्यंत’ असं हाताने लिहून शिक्का मारला. तो कागद अजून माझ्या सायकलच्या पिशवीत असतो. तुम्हालाही अर्ज करावा लागला तर वयासोबत चाकाचं माप पहिल्याच अर्जात लिहा.

शिक्का मिळेपर्यंत आम्ही गवताच्या एका अगदी सौम्य उतारावर जात होतो. रोज वीस मिनिटं. जास्त नाही, कारण विसाव्या मिनिटाला ती स्वतःच सायकल सोडून मुंग्या बघायला जायची. अकराव्या दिवशी तिने दोन्ही पाय उचलले आणि माझ्या मोजणीने सात अंकांपर्यंत ते वरच राहिले. आणखी चार दिवसांनी पेडलं परत लावली. मी मागून धावायच्या तयारीत होते. तिने मला धावूच दिलं नाही. सुरुवात करताना एक पेडल पुढे आणि थोडं वर ठेवायचं, घड्याळातल्या दोनच्या काट्याच्या जागी, एवढंच सांगावं लागलं.

दरम्यान धाकट्याचं चाललं होतं. त्याला कॅरिअरवरच्या बालआसनात बसवायचं ठरलं. आधी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. वर्षाच्या आतलं मूल सायकलवर बसवू नये, हे माहीत होतं. तो सतरा महिन्यांचा, आधाराशिवाय नीट बसणारा, हेल्मेटचं वजन मान पेलते की नाही हे त्यांनी तपासून पाहिलं आणि हो म्हटलं. आसन आलं, त्यावर छापलं होतं: बावीस किलोपर्यंत. आम्ही खूश. मग नवऱ्याची नजर कॅरिअरवर गेली. तिथे पत्र्यात कोरलेलं होतं: दहा किलो. पोरगा अकरा किलोचा, आसन चार किलोचं. हे कोरलेले आकडे कोणी वाचत नाही, आम्हीही इतकी वर्षं वाचले नव्हते. पंचवीस किलोचा कॅरिअर आमच्या सायकलच्या मापात मिळायला तीन आठवडे गेले. खर्चाचं सांगायचं तर नवा कॅरिअर, आसन आणि दोन हेल्मेटं मिळून थोरलीच्या सायकलपेक्षा जास्त झाले. थोरलीची सायकल आम्ही वापरलेली घेतली होती. हेल्मेट मात्र वापरलेलं घेऊ नका. ते एकाच मोठ्या आपटण्यासाठी बनवलेलं असतं, आतला फोम दबला की बाहेरून काही कळत नाही.

आसन बसवल्यावर पहिला आठवडा त्यात पुस्तकं बसली. पंधरा किलोचा ऐवज मागे उंचावर ठेवला की हँडल हलकं होतं, सायकल डुलते, थांबायला अंतर जास्त लागतं. हे मुलाला बसवून शिकायचं नसतं. मी दोन पिशव्या पुस्तकं पट्ट्याने आवळून चार दिवस फेऱ्या मारल्या. शेजारच्या मुलांनी विचारलं, “काकू, लायब्ररी काढली का?”

या फेऱ्यांत काही गोष्टी आपोआप कळल्या. साधा एकपायी स्टँड भरलेल्या आसनासकट कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून दुपायी बसवला. तरी मूल आसनात असताना सायकल सोडायची नाही, एक हात कायम हँडलवर. सामान आधी चढवायचं, मूल सगळ्यात शेवटी. उतरवताना मूल आधी. चालवणाऱ्याने पाठीवर पिशवी घेतली तर ती थेट मुलाच्या तोंडासमोर येते, म्हणून पिशवी नवऱ्याच्या सायकलवर गेली. आणि आपल्या सीटखाली स्प्रिंगा असतील तर मागच्या मुलाची बोटं नेमकी तिथेच जातात. आम्ही त्यांना जाड कापड गुंडाळून शिवून टाकलं. पाय चाकाच्या तारांत जाऊ नयेत म्हणून आसनाला पाऊलपेट्या होत्या. त्यांचे पट्टे दर वेळी तपासायचे.

हेल्मेटवरून महाभारत होईल असं वाटलं होतं, पण आम्ही दोघांनी घातल्यावर मुलांनी काही खळखळ केली नाही. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा त्रिकोण, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकं घट्ट. थांब्यावर झोपाळ्या-घसरगुंडीवर मूल जाणार असेल तर हेल्मेट आधी काढायचं, कारण फटीत हेल्मेट अडकलं तर पट्टा गळ्याला फास होतो. हे मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

सातव्या आठवड्यात मी एकटी तळ्यापर्यंत गेले. तासाला सात किलोमीटरच्या वेगाने. मोठ्या माणसाला इतकं हळू चालवणं ही तपश्चर्या आहे, पण त्याच वेगाला रस्ता खरा दिसतो. रविवारी जाणार तर रविवारीच, निघणार त्याच वेळी गेले. वहीत लिहिलं: चौथ्या मिनिटाला गटाराची जाळी, फटी चाकाच्या दिशेने, तिचं बारीक टायर आत जाईल. मग उभ्या गाड्यांची लांब रांग, कुठलंही दार कधीही उघडेल. एका चौकात वळणारी वाहनं थांबतच नाहीत. मला जो ‘थोडा चढ’ वाटायचा तो तिच्या वेगाने सहा मिनिटं चालतो. थांबायला सावली फक्त तीन ठिकाणी, स्वच्छतागृह एकाच.

या वहीवरून मूळ रस्ता रद्द केला. मागच्या गल्ल्यांतून एक वाट निघाली, एक किलोमीटर लांब, म्हणजे तिच्या चारशेहून जास्त पेडलांची, पण चौक एकच आणि तो आम्ही उतरून चालत ओलांडायचा. वारा कुठून असतो तेही पाहिलं. जाताना समोरून असेल तर उत्तम. उलट झालं की मूल जाताना वाऱ्यावर उडत जातं आणि परतताना, पायात जीव नसताना, त्याच्याशी झुंजतं.

एकदम तळं गाठायचं नाही, असंही ठरलं. आठव्या रविवारी दीड किलोमीटर, वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत. पुढच्या रविवारी तीन किलोमीटर, पुलापर्यंत. क्रम असा: नवरा पुढे, थोरली मध्ये, मी धाकट्याला घेऊन मागे आणि वाहनं जातात त्या बाजूला जराशी बाहेर. एकच मोठं माणूस असेल तर त्याने मागेच राहावं, म्हणजे मूल सतत दिसतं. शब्द तीनच ठरवले, ‘हळू’, ‘थांब’ आणि ‘रांग’. लांबलचक सूचना तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती प्रसंगाच्या पुढे गेलेली असते. शिवाय मागून हाक मारली की मूल वळून बघतं आणि बघतं त्या बाजूला हँडल वळवतं. म्हणून बागेत तिला सरळ रेषेवर चालवत मागे बघायचा सराव दिला. मी मागून बोटं दाखवायची, तिने किती ते सांगायचं. हा खेळ तिला इतका आवडला की जेवतानाही पाठ करून बसायची.

पुलाच्या फेरीत पंक्चर झालं. तिच्याच चाकात. माझ्या पिशवीत जादा ट्यूब होती, माझ्या मापाची. पंपही माझ्याच वॉल्व्हचा. तिच्या ट्यूबला जुन्या घडणीचा डनलॉप वॉल्व्ह, त्यावर माझ्या पंपाचं तोंड बसेना. गंमत म्हणजे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपलं हवेचं टायर केलं ते बेलफास्टमध्ये, स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी. १८८८ साली पेटंट घेतलं. बापाने पोरासाठी केलेली वस्तू आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनी एक आई तिच्यापुढे हात टेकून बसलेली. एका जाणाऱ्या सायकलस्वाराने पंप दिला, पॅच आमच्याकडे होता. चाळीस मिनिटं गेली. थोरलीला मात्र तो दिवसाचा सर्वांत चांगला भाग वाटला, कारण ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे तिने शोधले. तेव्हापासून पिशवीत तिची ट्यूब, दोन्ही वॉल्व्हना चालणारा पंप, पॅच, पंधराचा पाना आणि ओल्या कापडाचा तुकडा असतो. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन हे तीन तपासायचं काम तिच्याकडे दिलं आहे. हवा किती हवी ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. ती आकडा वाचते, मी भरते.

दहावा रविवार आजारपणात गेला.

अकराव्या रविवारी सव्वासातला निघायचं होतं, सात चाळीसला निघालो. धाकट्याची झोप साडेदहाची. आसनात झोपला की मान लोंबते आणि हेल्मेटचा मागचा फुगवटा डोकं आणखी पुढे ढकलतो, म्हणून त्याआधी तळ्यावर पोचून त्याला सतरंजीवर झोपवायचं, असा बेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबलो, ती दमायच्या आधी. दमल्यावर थांबलं की पुन्हा चढवणं कठीण असतं. पाणी, खाऊ, दोन मिनिटं इकडेतिकडे. पुलाच्या पुढे मैलाच्या दगडावर तिने सायकल टेकवली आणि म्हणाली, “बाबा, किती पेडलं झाली?” नवऱ्याने गंभीरपणे सांगितलं, “साडेबाराशे.” तिने मान हलवली, जणू तिच्याही मोजणीत तेवढीच होती.

शेवटच्या चढावर उतरून ढकलायचं, हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिथे मानापमान झाला नाही. सात किलोमीटरना थांब्यांसकट एक तास पन्नास मिनिटं लागली. तळ्याकडे तिने फार लक्ष दिलं नाही. काठावरच्या चिखलात एक काठी उभी करायची होती, त्यात तास गेला. धाकटा बेतापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा झोपला आणि तासभर उठला नाही, म्हणून आम्हीही आडवे झालो. परतताना बेत असा होता की ती कंटाळली तर पुलापाशी थांबायचं, नवऱ्याने पुढे जाऊन गाडी आणायची. त्या थांब्याचा तिला पत्ताही लागू दिला नाही. पुलापाशी नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी हळूच मान हलवली आणि आम्ही तसेच पुढे गेलो.

घरी आल्यावर तिची सीट वर घेतली. आता तळव्यांऐवजी चवडे टेकले तरी चालतात, म्हणून दीड सेंटिमीटर. दर वेळी सीट हलवली की मी तिच्या दांड्यावर मार्करने रेघ मारते. अशा तीन झाल्या आहेत. त्याच दांड्यावर कारखान्यातून आलेली एक रेघ असते. ती बाहेर दिसू लागेल इतका दांडा वर ओढायचा नसतो, तिथवर गेलं की सायकल लहान झाली असं समजायचं. सध्या तिथपर्यंत चार बोटं शिल्लक आहेत. माळ्यावरची वीस इंची मी पुसून ठेवली आहे, ब्रेकच्या मुठी आजच बघून घेतल्या.